गोलातली फट

आमच्या ह्यांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. डावा डोळा साखरेनं कधीच गिळला. उरला उजवा, त्यातही आत सूज. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की डोळ्यातल्या पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर तक्त्यावरची अक्षरं किती वाचता येतात त्यावरून पाच वर्षांनी काय होणार याचा अंदाज बांधता येतो. मला तेवढंच हवं होतं. पाच वर्षांनी हा माणूस शिडीवर असणार की मी हाताला धरून त्याला संडासापर्यंत नेणार, ते आत्ताच कळलेलं बरं.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर ह्यांनी तक्ता धडाधड वाचला, पार खालच्या ओळीपर्यंत. सूज पुरती हटली नव्हती, पण इतकं वाचणारा डोळा टिकतो म्हणून बाईंनी पुढचं इंजेक्शन लांबवलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. मीही मेली खूश झाले.

मग एका दुपारी औषधाच्या दुकानाची पाटी चालली होती, तिथे मी चहा घेऊन गेले. पांढऱ्या पाटीवर पहिला शब्द निळा, झोकदार. पुढचे दोन पांढऱ्यावर पांढरेच. डबा चुकला होता. ओला रंग उन्हात चमकला, म्हणून मला दिसलं तरी. हे मागे सरून, मान तिरकी करून पाटीकडे बघत होते.

"कशी झालीय?"

काय सांगणार, कपाळ! वाळू द्या आधी, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. बाईंना म्हटलं, ह्यांना अक्षरं दाखवूच नका. अहो, या माणसाला अक्षराचं शेपूट दिसलं तरी पुरतं, बाकीचं तो मनातच रंगवतो. लबाडी नाही हो, सवय आहे. मग बाईंनी दुसरा तक्ता लावला. त्यावर नुसते गोल, प्रत्येकाला एका बाजूला फट. फट कुठे, तेवढं सांगायचं.

सगळ्यात मोठ्या गोलापाशीच हे अडले.

"हा तर पुरा गोल आहे," म्हणाले.

बाईंनी डोळ्याच्या आतला फोटो पुन्हा काढला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायला आता दर महिन्याला सुई, म्हणाल्या. मी पाच वर्षांचं विचारलं.

"तो अंदाज मी यांच्या वाचण्यावर बांधला होता," त्या म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. एरवी मी भाजीवाल्याशीसुद्धा भांडते. काहीच आलं नाही. पिशवी उचलली आणि ह्यांना घेऊन बाहेर पडले.

रस्त्यात ह्यांनी विचारलं, "पाटी अर्धीच आहे ना?"

"हो."

"मग चल. तू रंग बुडवून दे, मी लिहितो."

ब्रश निळ्या रंगात बुडवून मी हातात दिला. ह्यांनी पाटीची कड चाचपली, वितीनं अंतर घेतलं, आणि पहिल्या शब्दावरच दुसरा शब्द लिहायला घेतला. वळण तेच, झोकदार. मी थांबवलं नाही. डबा धरून उभी राहिले.