पांढरी पाच

गोमटेशनं पिशवीतून रेकॉर्ड काढून सतरंजीवर ठेवली आणि हात जोडले.

"वंदामि, माताजी."

समोर पाटावर बसलेल्या आर्यिका माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. सगळ्यांना देतात तेवढाच. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, सभागृहात दुपारचं दुसरं कुणी नव्हतं. माताजींची सेवा बघणाऱ्या राजमतीताई तेवढ्या दाराशी तांदूळ निवडत होत्या.

एकतीस वर्षांपूर्वी या माताजींचं नाव चंदना होतं आणि त्या गोमटेशच्या बायको होत्या. स्वतः गाणी लिहायच्या, स्वतःच चाली लावायच्या आणि गायच्या. आठ गाण्यांची एकच रेकॉर्ड निघाली, आणि पाच-सहा वर्षांनी त्यांनी दीक्षा घेतली. दीक्षेला घरच्यांची परवानगी लागते. ती गोमटेशनंच दिली, भर मंडपात, हात जोडून. मोठा शहाणा! त्या दिवसापासून बायकोला माताजी म्हणायचं आणि लांब बसायचं. तेही तो करत आला. चातुर्मास कुठल्या गावी आहे ते राजमतीताई दर साली फोन करून कळवायच्या. मग हा कुपवाडातलं मोटार वायंडिंगचं दुकान एक दिवस बंद ठेवून दर्शनाला जायचा. मूलबाळ नव्हतं. बाकीचं वर्ष घरात तो आणि ती रेकॉर्ड.

आपलं काही तिच्या आत उरलंय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण साध्वीला असलं विचारायचं कुठल्या तोंडानं? यंदा मात्र निमित्त मिळालं होतं.

"साताऱ्याचा एक पोरगा हाय, अनीश," तो म्हणाला. "जुनी गाणी मूळ टेपवरनं काढून, भारीतल्या रेकॉर्डवर परत छापतोय. ही नमुन्याची. लय सुंदर आवाज लागलाय, माताजी. श्वास घेतलेला सुदिक ऐकू येतोय. पण एक घोटाळा हाय."

त्यानं रेकॉर्ड जरा पुढं सरकवली.

"तवा टेपवरनं रेकॉर्ड छापताना टेप जरा जोरात फिरली असं त्याचं म्हणणं हाय. जुन्या रेकॉर्डवर तुमचा सूर पेटीच्या काळी चारला लागतोय. आणि टेपवर पांढरी पाचला, अर्धा सूर खाली. आता खरी पट्टी कुठली, ते गाणाऱ्यालाच ठावं. तुमी सांगितल्याशिवाय तो छापणार न्हाई."

"गाणं सुटलं," माताजी शांतपणे म्हणाल्या. "ज्या गायल्या त्यांच्याबरोबर गेलं."

"फकस्त पट्टी सांगा."

"ते आता आठवायचं नाही."

झालं! संपला विषय. गोमटेशनं रेकॉर्ड पिशवीत घालायला घेतली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो पहिल्या गाण्याची चाल गुणगुणायला लागला. सत्तरीचा माणूस, सुराशी उभ्या जन्मात कधी जमलं नव्हतं. पण रोज ऐकलेल्या जुन्या रेकॉर्डच्या पट्टीत, वर चढवून, मान खाली घालून तो रेटत राहिला. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला.

"आवं, खाली घ्या की जरा."

राजमतीताईंचा सुपातला हात थांबला.

गोमटेशनं वर पाहिलं. माताजींनी डोळे मिटले होते. ओठ कोरडे पडले होते. थोड्या वेळानं पिंछी उचलली गेली, म्हणजे आता उठायचं.

तो पायरीवर येऊन बसला. आवं! एकतीस वर्षं त्या सगळ्यांशी पुस्तकातलं बोलत होत्या, त्याच्याशीसुद्धा. त्यानं अनीशला फोन लावला.

"पांढरी पाच. छाप तू. तिनं सोता सांगितलं रं, सोता!"

फोन ठेवून त्यानं डोळे पुसले आणि एकटाच हसला. लग्नात हसला असेल तसा. तेवढ्यात राजमतीताई डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या.

"कुठं निघालासा?"

"गावात सांगाय. उद्या माताजींचा आहार न्हाई म्हणून. न्हाईतर बायका पहाटेच सवळ्यात सैपाकाला लागतील."

"का? आज चतुर्दशीचा उपास हाय न्हवं? उद्या पारणं."

"व्हतं. आता आनी दोन उपास घेतल्यात." ताई त्याच्याकडं बघत नव्हत्या. "प्रायश्चित्त. मन मागं गेलं, म्हणाल्या."

"आणि पाणी?"

"उपासाला कुठलं पाणी, अण्णा?"

ऑक्टोबरचं ऊन पायऱ्यांवरून सभागृहात शिरलं होतं. गोमटेशनं दारातून आत पाहिलं. माताजी तशाच ताठ बसल्या होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, मनगटं काडीसारखी. आपण त्यांच्या तोंडचा घास काढला, हे त्याला आत्ता कळलं. घोटभर पाणीसुद्धा.

ताईंना वाईट वाटलं असावं. त्या जवळ आल्या.

"मनाला लावून घिऊ नगा. फुडच्या साली चातुर्मास कुठं ठरतोय ते कळवते मी."

"नगं, ताई," गोमटेश म्हणाला. "आता कळवू नगा. मी फोन करून इचारलं, हातापाया पडलो, तरीबी सांगू नगा."