केतनच्या अंगात

माझ्या सतरा वर्षांच्या पोराला, केतनला, पंख्यातून कोणीतरी बोलतंय असं वाटायला लागलं आणि आमच्या घरात पेढे वाटले गेले.

सासूबाईंचं, म्हणजे सुमित्राबाईंचं, ठाम मत पडलं की देवी आली. खारघरच्या गावठाणात आमची चार मजली इमारत आहे, खाली भाड्याची दुकानं आहेत, पण न्यायनिवाडा अजून सासूबाईंचाच. केतन झोपत नव्हता, जेवत नव्हता, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. तेवढं त्यांना पुरलं. मंगळवारी त्याला पाटावर बसवून कपाळाला हळद फासली आणि प्रश्न विचारायला माणसं जमली. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कधी मिळेल, मुलीचं लग्न जमेल का. सिडकोला जे जमलं नाही ते बारावीतल्या पोराने सांगायचं.

केतन कान दाबून ओरडत होता, "बंद करा, बंद करा."

"म्हंजे लग्नाची बोलनी बंद करा," सासूबाईंनी अर्थ लावला. सगळे त्याच्या पाया पडले. तो भिंतीला चिकटून थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची जीन्स धुवायला घेतली तर खिशात पुडी सापडली. चुरगळलेला हिरवट पाला, सोबत पातळ कागद. मी ती सासूबाईंपुढे धरली.

"गांजा हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "शंकर पन घेतो."

"शंकराची बारावी नाय," मी म्हणाले.

दार लावून केतनला विचारलं. दहावीपासून ओढत होता, क्लासच्या मागच्या गल्लीत. आधी कधीतरी, आता रोज.

"ओढला का आवाज कमी व्हतील वाटलं," तो म्हणाला. "वाढले."

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. देवी असती तर हात जोडून परत जा म्हटलं असतं. याला काय म्हणणार?

त्याच दुपारी त्याला घेऊन निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "देवीचा कोप व्हईल."

"माझ्यावर होऊ दे," मी म्हणाले आणि त्यांना बाजूला सारून रिक्षा केली.

सीवूड्सच्या डॉक्टर गीतांजलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "या वयात मेंदू अजून घडत असतो. गांजा त्या घडण्यातच ढवळाढवळ करतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं होतं."

"आवाज जातील ना?"

"ओढणं थांबवू, औषध सुरू करू. जातील असा शब्द आज देत नाही."

मग त्यांनी केतनला विचारलं, "आत्ता काय म्हणतोय आवाज?"

त्याने माझ्याकडे बघितलं, ओळख नसल्यासारखं. "ही तुला मारायला घेऊन आली हाय, म्हनतो."

"तरी आलास?"

"घरात सगळे पाया पडतात," तो हळूच म्हणाला. "ही एकटीच 'जेव' म्हनते."

माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. डॉक्टरांनी गोळी काढून दिली. मी ग्लासात पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. केतनने ग्लास घेतला, बराच वेळ आत बघत राहिला, मग माझ्याकडे परत सरकवला.

"आधी तू पी," तो म्हणाला.

मी प्यायले. तो माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता.