खिशातले फ्यूज

इलेक्ट्रिक गाडीतून घराला वीज देण्यात आपले किती फायदे आहेत हे जावयाने बोटांवर मोजून ठेवले होते आणि ऐकायला कोणी भेटले की तो ती बोटे पुन्हा उघडायचा. फ्रिज चालणार, एक. पंखे चालणार, दोन. पाण्याची मोटर, तीन. सगळी गल्ली काळोखात असताना एकच घर झगमगणार आणि त्या घरावर पाटी आपल्या नावाची असणार, हे चौथे बोट तो जरा हळू उघडायचा. पाचवे मात्र मिटलेलेच ठेवायचा. पाचवा फायदा सासऱ्यांविषयी होता.

सासरे वायरमन होते. एकतीस वर्षे खांबावर. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा जावयाने हक्काने फोन केला होता, "मामा, कधी येणार हो लाईट?" वायरमन त्या वेळी तिसऱ्या खांबावर घाम पुसत होता. म्हणाला, "येईल तेव्हा येईल, जावईबापू. माझ्या खिशात आहे का ती?" हे वाक्य जावयाने पाच वर्षे मुरवत ठेवले होते. सासऱ्यांच्या विजेवाचून आपले अडत नाही, हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दाखवायचे होते. गाडी घेण्याची बाकीची कारणे विक्रेत्याने सांगितलेली होती. हे एक त्याचे स्वतःचे होते.

खरी गोष्ट अशी, की वीज वायरमनच्या खिशातच असायची. लाईनवर काम काढले की तो आधी डीपीवर, म्हणजे गल्लीला वीज सोडणाऱ्या पेटीकडे जायचा, चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसायचा आणि पँटच्या उजव्या खिशात टाकायचा. डीपीत ठेवले तर कोणीतरी शहाणा येऊन बसवतो. खिशात ठेवले तर वायरमनला आडवा पाडल्याशिवाय लाईन चालू होत नाही. खांबावर चढणारा माणूस तारेकडे बघत नाही, खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या खिशाकडे बघतो. खिसा फुगलेला असला की चढतो.

जोडीदाराला सगळे खारोबा म्हणत. खारीसारखा सरसर चढायचा म्हणून. सव्वीस वर्षे दोघे एकत्र होते. भांडणे रोज, जोडी बदलून मागितली कधीच नाही.

वादळानंतरचा तिसरा दिवस होता, सकाळचे साडेदहा. मुलीच्या गल्लीत फांदी पडून तार तुटली होती. डीपीकडच्या बाजूला फ्यूज काढून झाले होते. तुटलेल्या टोकाच्या पलीकडे दोनच घरे उरत होती, जावयाचे आणि समोर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंचे. शेवटच्या खांबावर चढून तार जोडली की झाले.

"वस्ताद, अर्थिंगची साखळी?" खारोबाने पट्टा आवळत विचारले.

साखळी म्हणजे तारा जमिनीला बांधून ठेवणारी वस्तू. कुठून चुकून वीज आलीच तर माणसाऐवजी जमिनीत जावी म्हणून. कार्यालयात अशा चार होत्या. दोन मोडलेल्या, दोन दुसऱ्या टोळीने नेलेल्या. वायरमनने त्याबद्दल साहेबांना चार पत्रे लिहिली होती आणि चारही वेळा साहेब एकच शब्द बोलले होते, "भागवा."

"नाही मिळाली."

"मग तपासायचा दिवा लावून तार बघू का? वीज नाही ना, नुसती बघतो."

वायरमनने उजव्या खिशावर थाप मारली. आत चिनीमाती खडखडली. "तिन्ही इथं आहेत. चढ तू. दुपारपर्यंत अजून दोन गल्ल्या उरकायच्यात."

खारोबाने खिशाकडे बघितले आणि चढला.

तेवढ्यात जावई फाटकातून बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. तीन दिवस वीज नसलेल्या गल्लीत इस्त्रीचा शर्ट म्हणजे जाहिरातच. "मामा, आत या ना. दोन मिनिटं."

"काम चालू आहे, जावईबापू. खालच्या माणसानं खांब सोडायचा नसतो."

"मुलीच्या घरचं पाणीही नको? तिनं तुमच्यासाठी बर्फ घालून कॉफी केलीय. बर्फ, मामा! अख्ख्या गल्लीत बर्फ फक्त आपल्याकडे."

वरून खारोबा ओरडला, "अहो जा वस्ताद! एवढं बोलावतायत तर मान ठेवा. आणि येताना माझ्यासाठी दोन खडे आणा. तीन दिवसांत बर्फाचं तोंड बघितलं नाही."

वायरमन गेला. नियम त्याचाच होता, मोडलाही त्यानेच.

अंगणात गाडी उभी होती. तिच्या चार्जिंगच्या तोंडाला एक जाड वायर लावलेली, ती खिडकीतून आत गेलेली. जावयाने दार उघडून पडद्यावरचा आकडा दाखवला. "एकाहत्तर टक्के! शंभरावर सुरू केली, तीन दिवस घर ओढतेय, अजून एकाहत्तर. बोला."

"छान आहे," वायरमन म्हणाला. खरेच छान होते. त्याने एकतीस वर्षांत एवढी गुणाची वस्तू पाहिली नव्हती. "आत कशी घेतलीय?"

"ते तर डोकं माझं! प्रत्येक वस्तूला वेगळी वायर कोण ओढणार? दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवली. एक पिन गाडीत, एक भिंतीतल्या सॉकेटमध्ये. अख्खं घर चालू. सकाळपासून बंद ठेवलीय, म्हटलं मामा आले की दाखवू. बघा हं!"

आणि वायरमनच्या तोंडून "मेन" हा शब्द बाहेर पडायच्या आत त्याने खिडकीतून आत हात घालून ती पिन भिंतीत खुपसली.

पंखा फिरू लागला. फ्रिज घरघरला. मुलगी कॉफीचा पेला घेऊन हसत बाहेर आली. आणि समोरच्या घरातून मास्तरीणबाईंचा आनंदाने चिरकलेला आवाज आला, "आली! अहो, आली! माझा पंखा लागला!"

वायरमनचा हात खिशात गेला. एक, दोन, तीन. तिन्ही फ्यूज होते. मग बाईंच्या घरात वीज कुठून गेली?

भिंतीवरचा मेन स्विच वर होता. सकाळी जावयाने वायर काढून, वीज आली का बघायला तो वर केला होता. आली नव्हती, खाली करायचा राहिला होता. गाडीची वीज आता भिंतीतून मेनमध्ये, मेनमधून खांबावर आणि खांबावरून बाईंच्या पंख्यात गेली होती. मध्ये खारोबा होता.

लटकलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, आधी वीज तोडायची, हे एकतीस वर्षे अंगात भिनलेले होते. म्हणून वायरमन खांबाकडे न धावता गाडीकडे धावला. पेला पडला, बर्फ फरशीवर घरंगळला. त्याने गाडीच्या तोंडातली वायर दोन्ही हातांनी उपटली.

"अहो मामा! अशी ओढायची नसते, पोर्ट जाईल!" जावई मागून ओरडला.

 वायरमन तोवर खांबावर चढत होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पट्टा नाही, एकेक पाय उचलत. वर खारोबा पट्ट्यावर मागे झुकलेला होता, डोळे उघडे. उजव्या तळव्यातून धूर येत होता. श्वास चालू होता. गल्लीतल्या चौघांनी दोर धरला, त्याला उतरवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाई त्याच्या तोंडावर वर्तमानपत्राने वारा घालत बसल्या.

मग वायरमन अंगणात परत आला. जावई गाडीचे पोर्ट वाकून तपासत होता.

"मूर्खा," वायरमन म्हणाला. "सरक बाजूला." पाच वर्षांत पहिल्यांदाच 'तुम्ही'चा 'तू' झाला होता. त्याने ती दोन पिनांची वायर गुंडाळली, काखेत मारली.

"मामा, तुम्ही मला... ती वायर माझी आहे."

"होती. आता पुरावा आहे."

मुलगी मध्ये पडली. "बाबा, त्यांनी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर आधी विचार तरी केला असता, बाई! खांबावर माणूस आहे हे दिसत होतं. शर्टाला इस्त्री करायला सुचतं, मेन खाली पाडायला सुचत नाही?"

"आणि तुम्ही खांब सोडून आत आलात ते?"

ते खरे होते. वायरमन वायर घेऊन फाटकाकडे वळला. जाताना पडद्यावरचा आकडा त्याच्या नजरेस पडला आणि डोक्यात रुतून बसला.

चार दिवसांनी खारोबा शुद्धीत नीट बोलू लागला. उजव्या हाताची तीन बोटे काढली होती. वायरमन स्टुलावर बसला.

"वस्ताद, बर्फ राहिला की हो."

"गप पड."

"साहेब येऊन गेले काल. म्हणाले, जबाबात लिहायचं की मी साखळी न लावता, न तपासता चढलो. माझा निष्काळजीपणा. म्हणजे प्रकरण तिथंच मिटतं." खारोबाने कूस बदलायचा प्रयत्न केला, जमला नाही. "लिहून टाका. तुमची लेक आहे त्या घरात. माझं काय, बोटं तर गेलीच. लिहिल्यानं उगवतात थोडीच?"

वायरमन असा उठला की स्टूल आडवे झाले. "तू कोण रे मोठा दानशूर? बोटं तुझी, चूकही तुझीच? आम्ही सगळे कोरडे? तू विचारलं होतंस, दिवा लावू का म्हणून. मी खिसा वाजवला. माझ्या खिशावर चढलास तू!"

"हळू बोला, नर्सबाई हाकलतील."

"हाकलू दे!"

नर्सने खरेच हाकलले.

साहेबांनी कागद तयार ठेवला होता. टंकलेला, खाली सहीची जागा. वायरमनने उभ्यानेच वाचला. वाक्य एकच होते, पण काय कसबी वाक्य होते! त्यातून साहेब सुटत होते, कारण साखळी का नव्हती हे कोणी विचारणार नव्हते. जावई सुटत होता, कारण वायरचा उल्लेखच नव्हता. वायरमनही सुटत होता, निवृत्तीला अकरा महिने उरलेला, लेकीचा बाप. त्या एका वाक्यात तिघांची सोय होती आणि अडकत होता फक्त तोच, ज्याला आता पेन धरता येत नव्हते.

"सगळ्यांच्याच हिताचं आहे," साहेब म्हणाले.

"दिसतंय. कोरा कागद द्या."

"अहो, घरचा माणूस अडकेल तुमचा. समजतंय का?"

"साहेब, मी चार पत्रं लिहिली तेव्हा तुम्हाला समजलं होतं का?" आवाज इतका चढला की बाहेरचे कारकून लिहायचे थांबले. "भागवा म्हणालात. भागवलं. एका माणसाच्या हातावर भागवलं! कागद द्या."

दीड पान झाले. साखळी नव्हती, पत्रांच्या तारखा अशा. मी न तपासता चढायला सांगितले. मी खांब सोडून मुलीच्या घरी गेलो. जावयाने मेन खाली न करता गाडीची वीज घरात सोडली. शेवटची ओळ त्याने वेगळी लिहिली: गाडीच्या पडद्यावरचा आकडा, अपघाताआधी एकाहत्तर टक्के, अपघातानंतर एकाहत्तर टक्के.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "ही कशाला? हिचा काय संबंध?"

"राहू द्या," वायरमन म्हणाला. खिशातून ते तिन्ही फ्यूज, डीपीत आता दुसरे बसले होते, आणि काखेतली वायर काढून त्याने टेबलावर ठेवली आणि सही केली.

पुढे काय झाले, ते सरळ सांगतो. कार्यालयात नव्या साखळ्या आल्या, एकदम सहा. चार पत्रांनी जे झाले नाही ते तीन बोटांनी झाले. साहेबांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी कुठल्याशा फाईलमध्ये नीट लावून ठेवली. वायरमनला खांबावरून काढून भांडारात बसवले. जावयाच्या घराची जोडणी तीन महिने तोडण्याचा हुकूम निघाला आणि तो बजावायला, भांडारातून खास बोलावून, वायरमनलाच पाठवले. त्याने आधी दिवा लावून तार तपासली, साखळी बांधली, मग तोडली. मुलीने खिडकी लावून घेतली. ती अजून उघडलेली नाही.

जावई मात्र एक दिवसही काळोखात बसला नाही. सकाळी कामाच्या जागी गाडी भरून घ्यायची, संध्याकाळी घर चालवायचे. लाईट गेली की गल्लीत अजूनही त्याचेच घर उजळते. आता मेन न विसरता खाली करतो, तेवढे शहाणपण दुसऱ्याच्या हातावर शिकला.

खारोबाला तक्रारीच्या फोनवर बसवलेय. फोन खांद्याला लावतो, डाव्या हाताने लिहितो. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे, पण रेघ सोडत नाही. "लाईट गेली" म्हणून कोणी ओरडले की पत्ता विचारण्याआधी विचारतो, "घरात गाडीची वायर घेतलीय का? मग आधी मेन खाली पाडा. जा, पाडून या. मी फोन धरून थांबतो." आणि थांबतो.

गाडीचे काहीच गेले नाही. एका माणसाचा हात जळायला तिला एक टक्कासुद्धा लागला नव्हता. जबाबात ती ओळ अजून तशीच आहे: आधी एकाहत्तर, नंतर एकाहत्तर.