गुडघा कुणाचा?

गुडघ्याच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. काउंटरवरच्या बाईंनी धापा टाकणाऱ्या बाबांना विचारलं, "काका, कधीपासून दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय? हिचा गुडघा. वय तेवीस."

हा तिसरा दवाखाना. घरी जिला चिमणी म्हणत, त्या लेकीची अग्निशमन दलाची शारीरिक चाचणी दोन महिन्यांवर आली होती आणि जिना उतरताना उजव्या गुडघ्यातून कळ निघत होती. पहिल्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं, दुसऱ्यांनी वाढवायला.

"कुठे दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी चिमणीला विचारलं.

"वाटीच्या मागे," बाबा म्हणाले. "उतरताना. बराच वेळ बसून उठताना. मोबाइल, दुसरं काय. शिवाय फ्रिजचं पाणी."

चिमणीने तिन्ही दवाखान्यांत मिळून आतापर्यंत एकच शब्द उच्चारला होता: "आ". तोही घसा दाखवताना.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. गुडघा वाकवून पाहिला, कमरेचा सांधा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "काका, खालच्या दुकानातून क्रेप बँडेज आणता?"

"आत्ता?"

"आत्ता."

बाबा गेले.

"हं, आता तू बोल. दुखणं सुरू होण्याआधी नवीन काय सुरू केलंस?"

"बैठका. रोज दोनशे."

"त्याआधी किती?"

"एकही नाही."

"कुणी सांगितल्या?"

चिमणीने दाराकडे पाहिलं. "मोजतातसुद्धा. अर्धवट झालेली धरत नाहीत."

"आणि दुखायला लागल्यावर?"

"गुडघा कच्चा आहे म्हणून पन्नास वाढवल्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमच्या घरी ती दुसऱ्याच्या गुडघ्यात ठेवतात वाटतं. हाड ठणठणीत आहे. एकदम एवढा भार टाकल्यावर वाटी कुरकुरणारच. बैठका बंद. मांडीचे, कमरेचे हलके व्यायाम, हळूहळू वाढवत."

"चाचणी देता येईल?"

"बहुतेक येईल. मोजणारा बदल."

बाबा बँडेज घेऊन धापा टाकत आले. "निघालं का कारण?"

"निघालं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "परत आलं."

उतरताना चिमणीने कठडा धरला. "बाबा, बैठका बंद करायला सांगितल्यात. त्यानेच दुखतंय."

बाबा एका पायरीवर थांबले. बँडेजची पुडी या हातातून त्या हातात गेली. मग ते पुढे झाले. थोड्या वेळाने खालून पुटपुटणं ऐकू आलं, "सतरा, अठरा..."

"बाबा."

"पायऱ्या मोजतोय. त्या तरी मोजू देशील?"