ओले हॉप्स

कॅथरिनने फेसाळता ग्लास ओट्यावरून उचलला, टेबलाकडे येता येता लेकीकडे पाठ करून हळूच नाकापाशी नेला आणि नवऱ्यासमोर ठेवला.

"ग्लासाला साबण राहिलेला नाही. बघितलं मी," ती म्हणाली.

म्हणजे बिअर चांगली होती. खराब असती तर साबण राहिला असता. ही खूण नवराबायकोने सकाळीच ठरवली होती, कारण फेब्रुवारीतल्या तापात बेनेडिक्टचं वास घेणारं नाक जे गेलं ते परत आलंच नव्हतं. कॅथरिनशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती स्वतः बिअरला शिवत नसे, पण हुंगायला तिची हरकत नव्हती.

चौतीस वर्षं बेनेडिक्टने टोरंटोच्या एका मोठ्या ब्रुअरीत बिअर चाखण्याची नोकरी केली. वसईचा माणूस गोऱ्यांच्या बिअरला नाक मुरडतो आणि वर पगार घेतो, अशी मंडळी त्याची थट्टा करत आणि ती त्याला आवडे. निवृत्त झाल्यावर त्याने टोरंटोजवळच्या मिल्टन गावातल्या घराच्या कुंपणावर हॉप्सचे, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांचे, वेल चढवले. त्याच्या मुलीने, लिनेटने, गावातच छोटी ब्रुअरी काढली तेव्हापासून दर सप्टेंबरला या वेलांची फुलं ओलीच, न वाळवता, तिच्या बिअरमध्ये पडत. वाळवलेल्या हॉप्सची बिअर बारा महिने होते. ओल्यांची वर्षातून एकदाच, आणि तीही फुलं तोडल्यापासून दिवसाभरात उरकली तर. ती लोकांपुढे ठेवायची की नाही, हा शब्द बेनेडिक्टचा. आता जगात तेवढाच एक शब्द त्याचा उरला होता आणि तो सोडायची त्याची तयारी नव्हती.

पण कॅथरिनची खूण मिळूनही त्याला धीर येईना. या वर्षीची फुलं नासलेली होती आणि ती त्यानेच नासवली होती.

मरियामातेच्या जन्माच्या सणाला नव्या पिकाचा तुरा चर्चमध्ये न्यायचा, ही त्याच्या वसईच्या घरची रीत. एरवी तो हॉप्सचा एक झुबका नेई आणि बाकीची फुलं बेसमेंटच्या गारव्यात पसरून ठेवी. यंदा त्याने सगळी फुलं भरून अख्खी पिशवी ब्रॅम्पटनच्या चर्चला नेली. फादरांनी तिला आशीर्वाद दिला आणि बेनेडिक्टने वेदीपुढे गुडघे टेकून आपलं नाक परत मागितलं. मागणं मोठं होतं, ते एका झुबक्यात भागेल असं त्याला वाटलं नाही. मग मिस्सा झाली, सणाचं जेवण झालं, गाणी झाली. पाच तास ती प्लास्टिकची पिशवी उन्हात, गाडीच्या डिकीत वाफत राहिली. संध्याकाळी "आशीर्वाद घेऊन आणलीय हो," म्हणत त्याने ती लिनेटच्या हवाली केली. गुडघे धरले म्हणून कॅथरिन त्या दिवशी घरीच होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रोसरी ठेवायला तिने डिकी उघडली आणि विचारलं, "इथे काय मेलंय?" फुलं डिकीतच नासली होती, हे त्याला तेव्हा कळलं. तोवर बिअर शिजून झाली होती. लिनेटला सांगायचं तर नाकाचंही सांगावं लागलं असतं. चार आठवडे त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

आता लिनेटने त्याच्यापुढे दरवर्षीचा कागद सरकवला. वास, कडूपणा आणि शेरा, असे तीन रकाने.

"टेक युवर टाइम, पप्पा. शनिवारी लाँच आहे, पण तुम्ही नो म्हणालात तर ड्रेन करेन. सगळी, आठशे लिटर."

बेनेडिक्टने ग्लास फिरवला आणि सवयीने त्यात नाक घातलं. पाण्याच्या ग्लासात घालावं तसं. मग घोट घेतला. जीभ मात्र त्याची शाबूत होती. कडूपणा आला, जिभेवरून मागे गेला आणि गुपचूप निघून गेला. त्याने दुसरा घोट घेतला. त्याच्या वेलांचा कडूपणा इतका सभ्य कधीच नव्हता. तो घशाशी ठाण मांडून बसे.

त्याने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. छान आहे म्हटलं की सुटला असता. शनिवारी लोकांनी पाठीवर थाप मारली असती. कॅथरिन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

"लिनेट, हे आपले हॉप्स नाहीत."

"नाहीत," लिनेट म्हणाली. "नायगराच्या बाजूला एक फार्म आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच ड्राइव्ह करून तिथून आणले."

"आणि आपले?"

"पिशवी उघडली आणि आय ऑलमोस्ट थ्रू अप." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "मग आठवलं, ती तुम्ही स्वतः आणून दिली होती. हसत हसत. आधीचे पप्पा असते तर त्यांनी ती पार्किंग लॉटमध्येच फेकून दिली असती."

कॅथरिनचा हात थांबला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

बेनेडिक्टला आधी लाज वाटली आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण हलकं वाटलं. तेवढ्यात भलतंच काही मनात आलं. लिनेटने पंधरा वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. कुणी आग्रह केला की ती नेमकी बिझी असे. त्याने चाचरत विचारलं,

"ती फुलं कचऱ्यात टाकलीस?"

"कचऱ्यात कशी टाकणार? ब्लेस केलेली होती ना." लिनेटने खांदे उडवले. "ब्रुअरीच्या मागे खड्डा खणून पुरली. तसंच करतात ना? ममीला विचारणार होते, पण तिने का म्हणून विचारलं असतं. सो, गूगल केलं."

"एकटीने खणलास?"

"हो. दगडच दगड आहेत तिथे. दोन तास लागले."

बेनेडिक्टचे डोळे भरून आले. ते त्याने पुसलेही नाहीत. त्याने कागद जवळ ओढला आणि कडूपणाच्या रकान्यात लिहिलं: स्वच्छ, पटकन उतरतो, किंचित वाढवायला हरकत नाही. वासाच्या रकान्याशी पेन थोडं अडखळलं. मग तिथे त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: कॅथरिनला विचारावे.