शेवटच्या बाकापर्यंत

इयत्ता तिसरी. विषय भूगोल. बारामती, आश्विन, सन १९३४.

हेतू

पाठाच्या टाचणात कौसल्येने लिहिले होते : पाटाचे पाणी शेतात कसे पोहोचते ते मुलींना समजावणे.

न लिहिलेला हेतू : पास होणे. पास झाली तर इंदापूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी. नापास झाली तर सासरी पिंपळीला परत नेणारी बैलगाडी. ती शाळेच्या दाराशी आधीच येऊन उभी होती. गाडीत कौसल्येची पेटी.

साहित्य

मातीची परात. मातीत बोटाने काढलेला पाट, त्याला फाटा, पुढे चारी, चिमुकले वाफे. तांब्याभर पाणी. तीन पायांवरचा फळा. तिसरीच्या मुली. खुर्चीत परीक्षक डेप्युटीसाहेब, त्यांच्या शेजारी ट्रेनिंगच्या शिक्षिका चंद्राबाई.

आणि शेवटच्या बाकावर महिपतराव, कौसल्येचे सासरे. साहेबांनी त्यांना खुर्ची देऊ केली होती.

"नगं. मी हितंच," म्हणाले, आणि सारजा नावाच्या मुलीला सरकवून बसले. गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले.

पूर्वज्ञान

मुलींचे : विहीर, मोट, पाट.

बाईंचे : लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी ती एकदाही थेट बोललेली नव्हती. नवरा होता तोवर त्याच्यामार्फत. तो गेल्यावर घरातल्या एखाद्या पोरामार्फत. "बाळ, मामंजींना सांग, ताट वाढलंय." ताट समोर असे, मामंजीही समोर असत. तरी बाळाने सांगायचे. मामंजी अंगणातून खाकरले की सुनांनी दाराआड व्हायचे.

असा दाराआडचा आवाज घेऊन ती जूनमध्ये ट्रेनिंगला आली. सातवीची फायनल पास होती म्हणून, आणि सासूने, द्वारकाबाईंनी, तिच्या बाजूने दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणून. महिपतरावांनी एवढेच कबूल केले : एक सहामाही.

सहामाहीत पाठामागून पाठ झाले. टीकेच्या तासाला बाकीच्या उमेदवार बायका दोष सांगत. साखरबाई दर वेळी उठे. "पाठ छान झाला असावा. आम्हांला ऐकू आला नाही." सगळ्या हसत. कौसल्याही हसे, तेही कुणाला ऐकू जात नसे.

मग चंद्राबाई तिला कऱ्हा नदीवर नेऊ लागल्या. स्वतः पलीकडच्या काठाला. "कौसल्ये, हाक मार मला!" श्रावणात हाक पाण्याच्या मध्यावर पडे. नवरात्रात पलीकडे पोहोचली.

विवेचन

सुरुवात बरी झाली. मुली परातीभोवती जमल्या, जागेवर गेल्या. कौसल्येने तांब्या कलता केला.

"पाणी फाट्यातून चारीत. चारीतून..."

मागे महिपतराव खाकरले.

मुद्दाम नव्हे. घशात काही आले म्हणून. पण कौसल्येच्या हाताने पदर ओढला, पायांनी वाट धरली, आणि तिला कळले तेव्हा ती फळ्यामागे उभी होती.

फळ्याखाली बाईंचे पाय दिसत होते. तांब्यातून पाणी गळत होते. एक मुलगी हसली, मग वर्ग हसला.

साहेबांची पेन्सिल चालू लागली.

चंद्राबाई उठल्या नाहीत. परीक्षेच्या पाठाला कुणी मदत करायची नसते.

फळ्यामागे बरे वाटत होते, हेच वाईट होते. इथून सांगता आले असते : सारजा, साहेबांना सांग, बाईंना बरं नाही. पेटी गाडीतच होती. उतरवायचेही कष्ट नव्हते.

ती बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात तांब्या.

"पाणी कुठवर आलं?" तिने विचारले. कऱ्हेच्या पलीकडून विचारावे तसे.

"चारीपतूर!" मुली ओरडल्या.

महिपतराव पुन्हा खाकरले. या वेळी लांबवून. अंगणातले खाकरणे.

मुलींनी मागे पाहिले, मग फळ्याकडे. कौसल्येला पाय फरशीला धरून ठेवावे लागले.

"शेवटच्या बाकावर ज्यांना खोकला झालाय," ती म्हणाली, "त्यांनी बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं."

सारजाने परकराचा काठ तोंडात कोंबला.

महिपतराव उभे राहिले. सुनेकडे पाहिले नाही. "पोरी, तुझ्या बाईला सांग. गाडी जुपलीया."

"बाई, आबा म्हणत्यात गाडी जुपलीया."

"सारजा, त्यांना सांग. तास संपला नाही."

"तास संपला न्हाय, आबा."

"आयकलं! म्या काय भैरा हाय?"

ते वहाणा हातात घेऊन बाहेर गेले. कौसल्येने तांब्या पुन्हा कलता केला. पाणी शेवटच्या वाफ्याला लागेपर्यंत तिने दाराकडे पाहिले नाही.

टीका

डेप्युटीसाहेब उठले. "मध्यंतरी शिक्षिका वर्गातून नाहीशा झाल्या होत्या. हा दोष." पेन्सिल खिशात टाकली. "आवाज मात्र बाहेरच्या बैलांनीही ऐकला असेल. पास."

गृहपाठ

ती बाहेर आली तेव्हा पेटी पायरीवर उतरवलेली होती. बैल जुंपलेले. गाडीवान गेणू कासरा धरून बसला होता. मामंजी पाठमोरे, जू पुन्हा पुन्हा चाचपत.

"गेण्या, तिला म्हणावं, दिवाळीला येशील तवा हा आवाज इंदापुरातच ठिवून यी. घरात कुणी भैरं न्हाय."

गेणूने सांगायला तोंड उघडले.

"ऐकलं, मामंजी," कौसल्या म्हणाली.

जुवावरचा हात थांबला. गेणूने तोंड मिटले. मामंजी गाडीत चढले, बैल निघाले.

वळणावर ते खाकरले.

कौसल्या पायरीवरच उभी राहिली.