हिरव्या रंगाखालची चीर

मित्रांनो, माझ्या हिरव्या रंगावर जाऊ नका. रंग नवा आहे, मी जुनी आहे. मी सागवानी शिडी, अकरा पायऱ्यांची. आज तुमच्याशी बोलते आहे ती हौसेने नव्हे, धास्तीने. माझी हकीकत शेवटपर्यंत ऐका, मधेच पळू नका.

मला एका सुताराने वाचनालयासाठी घडवले. माणूस तिरसट, पण हात सोन्याचा. मी तयार झाले तेव्हा त्याने मला नुसते तेल पाजले. ग्रंथपाल बाई तेव्हा नोकरीला नव्यानेच लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, रंग राहिला की हो!"

"शिडीला रंग लावत नसतात, बाई," सुतार म्हणाला. "लाकडाला चीर पडली तर दिसायला नको? रंगाखाली काय दिसणार, कपाळ?"

दर वर्षी तो तेलाची बाटली घेऊन यायचा. एकेका पायरीवर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत आहे पोरगी." त्या दिवशी मी दोन बोटे उंच व्हायची.

ती वर्षे सुखाची होती. बाई दिवसातून वीसदा माझ्यावर चढायच्या. सर्वांत वरच्या फळीवर जाडजूड शब्दकोश होते. एखादा काढायला म्हणून बाई जात आणि सातव्या पायरीवर उभ्या राहून तिथेच वाचत बसत. खाली टेबलावर चहाचे पाणी होऊन जाई. मला त्यांचे वजन कधी जाणवलेच नाही.

मग सुतार यायचा थांबला. आधी त्याचे हात थरथरू लागले, नंतर तोच गेला. तेलाची आठवण कोणालाच राहिली नाही. मी आतून सुकत गेले. एका दुपारी मी फरशीवरून घसरले आणि टेबलाच्या कडेवर आदळले. माझ्या उजव्या दांड्याला, सातव्या पायरीच्या खाली, केसाएवढी चीर पडली. बाईंच्या नजरेतून ती सुटली नाही. त्यांनी तक्रारवहीत लिहिले, "शिडीला चीर. रिपेअर करावी. तोवर कोणी चढू नये." आणि त्या आठ दिवस लेकीकडे गेल्या.

त्याच आठवड्यात वाचनालयाची तपासणी ठरली. चिटणीसांची नुसती धावपळ उडाली. खिडक्या रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला त्यांनी माझ्यापुढे उभे केले.

रंगाऱ्याने चिरेवर अंगठा फिरवला. "साहेब, ही सुताराला दाखवा."

"परवा तपासणी आहे रे बाबा! चिरेत लांबी भर आणि मार रंगाचे दोन हात."

"मोडली म्हणजे?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मार."

त्याने चिरेत मऊ लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, दाबून भरली, वाळल्यावर घासली आणि वर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. मला श्वास कोंडल्यासारखे झाले. चीर तिथेच होती, फक्त ती आता कोणाला दिसणार नव्हती. चिटणीसांनी तक्रारवही उघडली आणि वळणदार अक्षरात लिहिले, "शिडी दुरुस्त केली."

बाई परतल्या तेव्हा मला पाहून थबकल्या. "रंग कशाला लावला हिला?" असे पुटपुटत त्यांनी वही काढली. ती ओळ वाचली आणि वही मिटली. जन्म पुस्तकांत गेलेल्या माणसाचा लिहिलेल्यावर फार विश्वास, मित्रांनो. लाकडाला विचारावे असे त्यांच्या मनातही आले नाही.

थोड्या दिवसांनी टायपिस्ट काका आले. कोर्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज दुपारी कोडी सोडवायला यायचे. "बाई, नातीने पेच टाकलाय. इंग्रजीतला 'मेंड' शब्द आला कुठून? फाटकं शिवणं, मोडकं नीट करणं, तो मेंड."

"बघू या की!" बाईंचा चेहरा उजळला. त्या चढल्या. सातव्या पायरीवर पाय पडताच रंगाखाली काहीतरी करकरले. मी सारा जीव एकवटून दांडा आवळून धरला. बाई सर्वांत जाड कोश पोटाशी धरून उतरल्या.

"हं, ऐका. हा मूळचा 'अमेंड'. पुढचा 'अ' झिजून गेला."

"अरेच्चा! कोर्टात अर्ज अमेंड करायचे, ते टाइप करून माझी बोटं झिजली. तो याचा भाऊ?"

"भाऊ कसला, बापच म्हणा. आणि आजोबा लॅटिन, 'एमेंदारे'. 'मेंदा' म्हणजे दोष, खोट. 'ए' म्हणजे बाहेर. खोट बाहेर काढणं. मग तो कपड्याला लागला, मोडलेल्या हाडाला लागला, माणसाच्या वागण्यालासुद्धा."

"म्हणजे नुसतं ठिगळ लावणं नव्हे," काका म्हणाले. "आधी खोट काढायची."

मला वाटले, आता तरी बाई माझ्याकडे पाहतील. माझी खोट आतच होती हो! ओरडता आले असते तर मी भिंती हलवल्या असत्या. बाईंनी कोश मिटला, छातीशी धरला आणि म्हणाल्या, "ठेवून येते याला जागेवर."

पाचवी पायरी. सहावी. सातवी.

दांडा काडकन मोडला. बाई फरशीवर पडल्या, कोश त्यांच्या शेजारी उघडा पडला. काका "बाई, बाई" करत गुडघ्यांवर बसले. मांडीचे हाड मोडले होते. ज्या पोरीला सुताराने ठणठणीत म्हटले, तिनेच त्यांना पाडले. ही लाज माझ्या लाकडातून जायची नाही.

पंधरा दिवसांनी काका इस्पितळातून थेट चिटणीसांकडे आले. "बाईंचं हाड जुळतंय. त्यांनी बजावून सांगितलंय, ती शिडी फोडून टाका."

"टाकतो की, टाकतो," चिटणीस म्हणाले. त्यांची नजर मात्र जमिनीवर होती. मोडलेली शिडी फोडायची तर ती कशी मोडली हेही कोणी विचारणार, आणि वहीतली ती ओळ त्यांच्याच अक्षरात होती. दुसऱ्याच दिवशी माझ्या दांड्यावर पत्र्याची पट्टी ठोकली गेली. तिच्यावर लांबी, लांबीवर हिरवा रंग. टेम्पोत चढवताना कोणीतरी माझ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, "शाळेस सप्रेम भेट."

ती शाळा तुमची, मित्रांनो. तुमच्या वर्गामागच्या खोलीत, कपाटाला टेकवून ठेवलेली हिरवीगार शिडी ती मीच. परवा तुम्ही माझ्याभोवती जमून "किती छान!" म्हणालात, तेव्हा मला कापरे भरले होते.

माझे एवढे ऐका. सातव्या पायरीखाली नखाने खरवडा. पत्रा लागेल, पत्र्याखाली चिरेपाशी मोडलेला दांडा लागेल. तो सगळ्यांना दाखवा, मोठ्यांदा ओरडून दाखवा. मग सुताराला बोलवा आणि तो फोडा म्हणाला तर मला खुशाल फोडा, मी रडणार नाही. फक्त उशीर करू नका. उद्या पहिल्या तासाला तुमच्या बाई वरच्या फळीवरचा नकाशा काढणार आहेत, असे आत्ताच माझ्या कानावर आले आहे.